एचएमएस बेलफास्ट बघायला जाताय? मग तळापासून सुरुवात करा

लंडनला जाणारा जवळपास प्रत्येक जण टॉवर ब्रिजवर उभा राहून फोटो काढतो आणि त्या फोटोत मागे नदीत एक राखाडी-निळ्या पट्ट्यांची लांबलचक युद्धनौका येतेच येते. ती एचएमएस बेलफास्ट. बरेच जण तिला तेवढंच बघतात, बॅकग्राउंड म्हणून. जे तिकीट काढून आत जातात त्यातलेही खूप जण वरच्या डेकवर तोफांसोबत फोटो, मग जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवायचे त्या खोलीत, कॅप्टनच्या खुर्चीजवळ फोटो, आणि तासाभरात बाहेर. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण या जहाजाची खरी गंमत वर नाहीच, ती खाली आहे, पाण्याच्या पातळीच्याही खाली, आणि तिथून सुरू करून वर वर चढत आलात तर शेवटी तोफांपाशी पोचेपर्यंत सगळं आपोआप कळलेलं असतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय, कुणी जाणार असेल तर उपयोग होईल.

आधी थोडक्यात जहाजाची ओळख, कारण ही माहिती डोक्यात असली की आत फिरताना फरक पडतो. बेलफास्ट ही रॉयल नेव्हीची, म्हणजे ब्रिटिश नौदलाची क्रूझर, मध्यम आकाराची वेगवान युद्धनौका. बेलफास्ट शहरातल्या हार्लंड अँड वुल्फच्या गोदीत बांधली, १७ मार्च १९३८ ला पाण्यात उतरवली आणि ऑगस्ट १९३९ मध्ये, म्हणजे महायुद्ध सुरू व्हायच्या अगदी तोंडावर, नौदलात दाखल झाली. लांबी सुमारे १८७ मीटर, नऊ डेक म्हणजे मजले, सहा इंची १२ तोफा (तीन-तीनच्या चार टर्रेटमध्ये, म्हणजे फिरत्या चिलखती बुरुजांमध्ये), आणि वेग ३२ नॉट, म्हणजे ताशी साठ किलोमीटरच्या आसपास. दहा हजार टनांच्या वरचं लोखंड या वेगानं पळायचं हे जरा डोळ्यासमोर आणून बघा. युद्धाच्या काळात हिच्यावर साडेनऊशेपर्यंत माणसं राहायची. १९६३ मध्ये ती सेवेतून बाहेर पडली, आणि खरं तर पुढं भंगारातच जायची. इम्पिरियल वॉर म्युझियमला सुरुवातीला फक्त एखादं सहा इंची टर्रेट जपून ठेवायचं होतं, ते शोधता शोधता पूर्ण जहाजच वाचवता येईल का असा विचार पुढं आला, सरकारनं नकार दिला तेव्हा एक ट्रस्ट उभा राहिला, त्याचे प्रमुख होते रिअर अॅडमिरल मॉर्गन मॉर्गन-जाइल्स, जे स्वतः आधी याच जहाजाचे कॅप्टन होते, आणि शेवटी २१ ऑक्टोबर १९७१ ला, ट्रॅफल्गर डेच्या (ट्रॅफल्गरच्या नौदल विजयाच्या स्मृतिदिनाच्या) दिवशी, ती लोकांसाठी खुली झाली. १९७८ पासून ती इम्पिरियल वॉर म्युझियमच्या ताब्यात आहे.

आता जायचं कसं. जवळचं स्टेशन लंडन ब्रिज, नॉर्दर्न आणि जुबिली या दोन्ही लाईन तिथं येतात, शिवाय रेल्वेही. टूली स्ट्रीटच्या बाजूनं बाहेर पडा आणि नदीकाठानं टॉवर ब्रिजच्या दिशेला चालत राहा, पाच-दहा मिनिटांत जहाज समोर येतं. इथं एक गोंधळ नेहमी होतो, लंडन ब्रिज आणि टॉवर ब्रिज हे दोन वेगळे पूल आहेत, मनोरे असलेला तो टॉवर ब्रिज, आणि बेलफास्ट या दोन पुलांच्या मध्ये, दक्षिण काठाला उभी आहे. तुम्ही टॉवर ऑफ लंडन आधी बघणार असाल तर टॉवर हिल स्टेशनपासून टॉवर ब्रिज चालत ओलांडून या, रस्ता थोडा लांब पडतो पण पुलावरून जहाज पूर्ण दिसतं. नदीतून बोटीनं यायचं असेल तर लंडन ब्रिज सिटी पिअर हा धक्का अगदी शेजारी आहे.

तिकीट लागतं. हे मुद्दाम सांगतोय कारण इम्पिरियल वॉर म्युझियमची लंडनमधली मुख्य इमारत फुकट आहे, त्यामुळे लोकांना वाटतं हेही फुकट असेल. दर बदलत राहतात, आकडा इथं देत नाही, अधिकृत वेबसाईटवर बघून ऑनलाईनच काढा, आणि काढताना रकमेत ऐच्छिक देणगी जोडलेली आहे का तेवढं बघून घ्या, द्यायची असेल तर जरूर द्या, जहाज पाण्यात टिकवणं हा अत्यंत खर्चिक मामला आहे, पण आपण काय देतोय ते माहीत असावं. सकाळी साधारण दहाला उघडतं. २४, २५ आणि २६ डिसेंबरला बंद असतं, ख्रिसमसच्या सुट्टीत लंडन करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. आणि शेवटचा प्रवेश बंद व्हायच्या बराच आधी थांबतो, त्यामुळे "चारला जाऊ, अर्ध्या तासात बघू" असला प्लॅन करू नका. निदान तीन तास हातात ठेवा. शक्य असेल तर उघडल्या उघडल्याच जा, कारण खालच्या डेकवर जागा इतकी अरुंद आहे की वीस माणसं एकत्र आली की काहीच धड बघता येत नाही, आणि शाळांच्या सहली आल्या की आवाज त्या लोखंडात नुसता घुमत राहतो.

कपडे आणि बूट यावर जरा जास्त बोलतो. आतल्या शिड्या या जिने नाहीत, माळ्यावर चढायच्या शिडीसारख्या जवळपास उभ्या आहेत, पायऱ्या लोखंडी आणि अरुंद. पायात पूर्ण बंद आणि सोलला पकड असलेले बूट हवेत, चपला-सँडल नको, टाचांचे तर अजिबात नको. स्कर्ट किंवा साडी असेल तर त्रास होईल, पँट बरी. चढताना सोपं वाटतं, उतरताना मात्र शिडीकडे तोंड करून, म्हणजे उलटं, दोन्ही हातांनी कठडा धरून उतरायचं. म्हणजेच दोन्ही हात मोकळे पाहिजेत, त्यामुळे फोन खिशात, बाटली पाठीवरच्या छोट्या बॅगेत. मोठी बॅग, ट्रॉली वगैरे आणूच नका, हॉटेलवर ठेवून या. दरवाज्यांना खाली उंच उंबरा असतो (पाणी एका खोलीतून दुसरीकडे जाऊ नये म्हणून) आणि वर डोक्याच्या उंचीला पाईप आणि व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच वेळी पाय उचलायचा आणि डोकं वाकवायचं, उंच माणसांनी खास सांभाळा. पाऊस पडला असेल तर उघड्या डेकवर घसरतं. थंडीत आतलं लोखंड गारठवतं, उन्हाळ्यात खाली गरम होतं, त्यामुळे काढता-घालता येईल असं जॅकेट चांगलं.

ज्येष्ठ मंडळी किंवा गुडघ्याचा त्रास असणारे बरोबर असतील तर आधीच नीट ठरवा. व्हीलचेअरनं जहाजाचा काही भागच बघता येतो, बॉयलर रूम, दारूगोळ्याची कोठारं, ब्रिज हे सगळं शिड्यांवरूनच आहे. मागचा उघडा डेक आणि मुख्य डेकवरचा काही भाग आरामात होतो. अशा वेळी ग्रुप सरळ दोन भागांत विभागून घ्या, ओढाताण करू नका. लहान बाळाची गाडी खाली नेता येत नाही, कडेवर बाळ घेऊन त्या शिड्या उतरणं मला तरी धोक्याचं वाटतं, त्यापेक्षा कांगारू बॅग बरी, किंवा आई-बाबांनी आळीपाळीनं खाली जावं. ज्यांना बंद जागेत गुदमरतं त्यांनी बॉयलर रूम सोडली तरी चालेल.

जहाजावर चढतानाच थोडं थांबा. थेम्समध्ये या ठिकाणी भरती-ओहोटीचा फरक सहा-सात मीटरपर्यंत जातो, आणि बेलफास्ट खरोखर तरंगत असल्यामुळे तीही तेवढी वर-खाली होते, म्हणून धक्का आणि जहाज यांना जोडणाऱ्या पुलाचा उतार दिवसभर बदलत असतो. आत गेल्यावर तुम्ही मागच्या डेकवर, क्वार्टरडेकवर येता. इथं चांदीची मोठी घंटा आहे ती बघून घ्या, बेलफास्टच्या लोकांनी या जहाजाला भेट दिलेली, १९४८ मध्ये जहाज त्या शहरात गेलं तेव्हा.

आणि इथून सगळे वर जातात. तुम्ही खाली जा. (त्या दिवशी एकेरी मार्ग लावला असेल तर अर्थातच तोच पाळायचा, तिथले स्वयंसेवक सांगतील.)

पहिलं बॉयलर रूम आणि इंजिन रूम. चार बॉयलर, चार टर्बाईन, मिळून ८०,००० हॉर्सपॉवर. बॉयलर रूममध्ये शिरायला दोन दारांमधली एक छोटी खोली लागते, हिचं कारण समजून घ्या. बॉयलरला भरपूर हवा मिळावी म्हणून ती पूर्ण खोलीच पंख्यांनी दाबाखाली ठेवलेली असायची, एक दार उघडून आत यायचं, ते बंद करायचं, मगच दुसरं उघडायचं, नाहीतर दाब उतरला की भट्टीतली आग उलटी बाहेर येऊन माणसं भाजायची. एवढी एक गोष्ट कळली की मग समोरचे ते शेकडो पाईप, चाकं, पितळी डायल बघताना नुसतं "बापरे किती पाईप" असं होत नाही, तर इथं माणूस कामावर असताना त्याच्या डोक्यात काय चालू असेल हे जाणवायला लागतं. वर लढाई चालू आहे, त्याला काहीही दिसत नाही, फक्त हादरे कळतायत, आणि त्याच्या पायाखाली काही फुटांवर समुद्र आहे. आणखी एक बघण्यासारखं म्हणजे मांडणी. पुढची बॉयलर रूम, पुढची इंजिन रूम, मग मागची बॉयलर रूम, मागची इंजिन रूम, असं आलटून पालटून आहे, सगळे बॉयलर एकीकडे आणि सगळी इंजिनं दुसरीकडे असं नाही. एक टॉर्पेडो लागला तर अर्धं बंद पडेल पण जहाज चालत राहील हा त्यामागचा हिशोब.

त्यानंतर शेल रूम आणि मॅगझिन, म्हणजे तोफगोळ्यांची आणि कॉर्डाइटची कोठारं. माझ्या मते पूर्ण जहाजातली सगळ्यात महत्त्वाची जागा हीच. सहा इंची गोळा ११२ पौंडांचा, म्हणजे ५१ किलो. गोळे एका खोलीत, त्यांना उडवणारी कॉर्डाइटची दारू दुसऱ्या खोलीत, दोन्ही वेगवेगळ्या हॉइस्टनं, म्हणजे उचलयंत्रानं, वर टर्रेटमध्ये जाणार. एक तोफ मिनिटाला आठ गोळ्यांपर्यंत मारू शकायची. आता गणित करा, एका टर्रेटमध्ये तीन तोफा, म्हणजे मिनिटाला चोवीस गोळे, प्रत्येक ५१ किलोचा, आणि जहाज हलतंय, आणि गोळा हॉइस्टवर ठेवणारी माणसंच आहेत, हातांनी. १९४४ मध्ये दोस्त सैन्य फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं तेव्हा या जहाजानं पाच आठवड्यांत सहा इंची तोफांमधून १,९९६ गोळे डागले, आणि त्यातला प्रत्येक गोळा अशाच एखाद्या खोलीतून कुणीतरी उचलून दिलेला होता. आग लागली तर मॅगझिनमध्ये पाणी सोडायची सोय असायची, नाहीतर पूर्ण जहाज उडायचं. इथं शांतपणे पाच मिनिटं उभे राहा, घाईत पुढे जाऊ नका.

खालीच ट्रान्समिटिंग स्टेशन आहे, तेही चुकवू नका, बाहेरून फारसं आकर्षक दिसत नाही म्हणून लोक डोकावून निघून जातात. मधोमध एक मोठं टेबलासारखं यंत्र आहे, अॅडमिरल्टी फायर कंट्रोल टेबल, हा दातेरी चाकांचा कॉम्प्युटर आहे. आपलं जहाज किती वेगानं कुठं चाललंय, शत्रूचं किती वेगानं कुठं, अंतर किती, वारा कसा, हे सगळं त्यात भरलं की तोफा कोणत्या कोनात आणि किती उंच करायच्या ते उत्तर मिळायचं आणि विजेच्या तारांनी टर्रेटपर्यंत पोचायचं. गोळा हवेत असेपर्यंत शत्रूचं जहाज पुढं सरकलेलं असतं ना, म्हणून ते आत्ता आहे तिथं मारून उपयोग नाही, ते असणार आहे तिथं मारावं लागतं. आणि रॉयल नेव्हीत हे यंत्र चालवायचं काम परंपरेनं रॉयल मरीन्सच्या (नौदलाच्या सैनिकदलाच्या) बँडमधल्या वादकांकडे असायचं. मला ही माहिती फार आवडते. एरवी डेकवर कॉर्नेट वाजवणारा माणूस लढाई सुरू झाली की जहाजाच्या तळाशी बसून हँडल फिरवत शत्रूचं अंतर जुळवतोय.

मग एक-एक डेक वर येत राहण्याच्या जागा बघा. इथं पुतळे, आवाज, वस्तू मांडून बऱ्यापैकी जिवंत केलंय. हॅमॉक (कापडी झोळे) टांगलेला भाग आणि बंक बेडचा भाग असे दोन्ही दिसतील, कारण युद्धात सगळे हॅमॉकमध्ये झोपायचे, १९५६ ते १९५९ च्या मोठ्या दुरुस्तीनंतर बंक आले. हॅमॉकवाल्या जागेत नीट बघा, ज्या टेबलांवर जेवायचं त्यांच्याच वर झोपायचं, शेजारच्याची कोपरं लागतील इतकं जवळ. आर्क्टिकमध्ये असताना बाहेर बर्फ आणि आत माणसांच्या श्वासाचं पाणी लोखंडावर जमून टपकत राहायचं. डेकवर साठलेला बर्फ तर फोडून काढावाच लागायचा, वर वजन वाढलं की जहाज कलंडायची भीती. यातली काही मुलं जेमतेम सोळा-सतरा वर्षांची होती.

भटारखाना, बेकरी, दवाखाना, दाताच्या डॉक्टरची खुर्ची, लॉन्ड्री, पोस्टाची खोली, छोटं दुकान, अगदी शिक्षेच्या कोठड्यासुद्धा, सगळं या एका जहाजात आहे. मुलं बरोबर असतील तर ती दाताच्या खुर्चीपाशी हमखास थांबतात. रमचं वाटप दाखवणारी जागाही आहे, खलाशांना रोज रमचं ठरलेलं माप मिळायचं, ही पद्धत नौदलानं ३१ जुलै १९७० ला बंद केली. लॉन्ड्रीसमोर मात्र एक गोष्ट आठवा. आशियात असताना बेलफास्टवर चिनी वंशाचे खलाशी आणि कामगारही होते. कोरियन युद्धात या जहाजानं ८,००० च्या वर सहा इंची गोळे डागले आणि किनाऱ्यावरून तिला फक्त एकच गोळा लागला, २९ जुलै १९५२ ला, त्यात जो मारला गेला तो हॅमॉकमध्ये झोपलेला एक चिनी वंशाचा खलाशीच होता. मोठ्या लढायांच्या फलकांमध्ये ही माणसं पटकन दिसत नाहीत, आपण शोधून बघायची.

आता ऑपरेशन्स रूम आणि ब्रिज. वर जायच्या आधी नॉर्वेच्या उत्तर टोकाजवळ झालेल्या नॉर्थ केपच्या लढाईची गोष्ट माहीत पाहिजे, नाहीतर रडारचे ते गोल पडदे म्हणजे नुसती जुनी यंत्रं वाटतात. डिसेंबर १९४३. सोव्हिएत युनियनला रसद नेणारे जहाजांचे काफिले आर्क्टिकमधून जात होते आणि जर्मनीची शार्नहोर्स्ट ही बलाढ्य युद्धनौका त्यांच्यावर तुटून पडायला नॉर्वेतून निघाली. २६ डिसेंबरला, ध्रुवीय रात्रीचा अंधार, वादळी समुद्र, अशात बेलफास्ट, नॉरफोक आणि शेफिल्ड या तीन क्रूझर तिच्या आडव्या आल्या, व्हाइस अॅडमिरल रॉबर्ट बर्नेट स्वतः बेलफास्टवर होते. शार्नहोर्स्ट वळली आणि परत निघाली, बेलफास्ट रडारवर तिचा माग सोडेना, आणि तिची जागा कळवत राहिली, तोवर अॅडमिरल ब्रूस फ्रेझर ड्यूक ऑफ यॉर्क ही बॅटलशिप, म्हणजे क्रूझरपेक्षा खूप मोठ्या तोफांची युद्धनौका, घेऊन पोचले. संध्याकाळी शार्नहोर्स्ट बुडाली. तिच्यावर १,९६८ माणसं होती, त्यातली ३६ वाचली. त्या गार पाण्यात बाकीच्यांचं काय झालं असेल याचा विचार करवत नाही. ब्रिटिशांचा विजय होता आणि काफिला वाचला हे खरंच, पण जहाजावर फिरताना हे दोन्ही आकडे सोबत ठेवावेत असं मला वाटतं.

याच मोहिमेतली एक छोटी गोष्ट, ओल्गा नावाचं रेनडिअर. सोव्हिएत नौदलानं बर्नेटना भेट दिलेलं, ते जहाजावरच होतं, आणि लढाईत तोफांच्या आवाजानं इतकं बिथरलं की शेवटी त्याला मारावं लागलं. मुलांना सांगायची की नाही ते तुम्ही ठरवा, पण गोष्ट खरी आहे.

एक सावध करतो, ब्रिज आणि ऑपरेशन्स रूम आज दिसतात तशा १९४३ मध्ये नव्हत्या. १९५९ पर्यंतच्या दुरुस्तीत वरचा भाग बराच बदलला, ब्रिज बंदिस्त झाला, जाळीचे मास्ट (उंच खांब) आले. बाहेरचा पट्ट्यापट्ट्यांचा रंग मात्र १९४२ ते १९४४ च्या काळातला आहे, १९९९ मध्ये पोर्ट्समथला ड्रायडॉकमध्ये (कोरड्या गोदीत) नेलं होतं त्यानंतर दिलेला. म्हणजे अंगावर युद्धातला रंग आणि बांधा नंतरचा. मला हा निर्णय पूर्ण पटत नाही, बघणाऱ्याचा गैरसमज होतो, पण लांबून ती दिसते झकास हेही मान्य केलं पाहिजे. मास्टसुद्धा गंजल्यामुळे २०१० मध्ये नवे बसवले, ते रशियाकडून मिळाले, आर्क्टिक काफिल्यांची आठवण म्हणून.

आणि आता शेवटी तोफा. टर्रेटच्या आत जाता येत असेल तर नक्की जा. आत शिरल्यावर कळेल की खाली कोठारात बघितलेलं हॉइस्ट इथं वर येतं, ट्रान्समिटिंग स्टेशनमधले आकडे इथल्या डायलवर येतात, आणि इतक्या कमी जागेत इतकी माणसं कशी मावायची हा प्रश्न पडेल. ६ जून १९४४ ला पहाटे साडेपाचच्या सुमारास याच तोफांनी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर मारा सुरू केला, गोल्ड आणि जूनो अशी सांकेतिक नावं दिलेल्या किनाऱ्यांवर उतरणाऱ्या सैन्यासाठी, त्या दिवशी सगळ्यात आधी तोफा सुरू करणाऱ्या जहाजांपैकी ही एक. पल्ला किती हे कळावं म्हणून म्युझियमनं एक चांगली युक्ती केली आहे, पुढच्या दोन टर्रेटच्या तोफा एम-१ मोटरवेवरच्या लंडन गेटवे सर्व्हिसेस या प्रवाशांच्या थांब्याच्या दिशेनं वळवून ठेवल्या आहेत. ते ठिकाण साडेबारा मैल म्हणजे वीस किलोमीटर लांब आहे. फोनवर नकाशा उघडा आणि मोजून बघा, मग शहर केवढं आणि तोफेचा आवाका केवढा ते लगेच कळतं.

बाहेरून बघताना जहाजाच्या मध्यभागी पाण्याच्या रेषेजवळ फुगवटा जाणवतो का ते पाहा. २१ नोव्हेंबर १९३९ ला, नवी कोरी असताना, स्कॉटलंडजवळ फर्थ ऑफ फोर्थमध्ये चुंबकीय सुरुंगानं जहाजाचा कणाच मोडला होता. दुरुस्तीला जवळजवळ तीन वर्षं गेली, नोव्हेंबर १९४२ मध्ये ती परत आली, आणि मध्यभागी रुंदी वाढवल्यामुळे ६३ फुटांची ६९ फूट झाली. तिचं जुळं जहाज म्हणजे एडिनबरो, ती मे १९४२ मध्ये बॅरेंट्स समुद्रात बुडाली, पोटात साडेचार टन सोव्हिएत सोनं घेऊन, त्यातलं बहुतेक १९८१ मध्ये डायव्हर्सनी वर काढलं. बेलफास्ट त्या वेळी गोदीत होती.

मुलांसाठी एवढंच, सगळं दाखवायचा अट्टहास नको. त्यांना एक काम द्या, गोळा कुठून निघतो आणि कुठं जातो ते शोधा, ती स्वतःच शिड्या चढतील. आणि स्वयंसेवक दिसले की प्रश्न विचारा, मोकळेपणानं, त्यांना बोलायला आवडतं आणि फलकावर नसलेलं बरंच त्यांच्याकडून मिळतं. "रोज एवढ्या माणसांचा ब्रेड कधी भाजायचे?" असला साधा प्रश्न विचारला तरी गप्पा रंगतात.

वेळ कमीच असेल तर शेल रूम, बॉयलर रूम, एक मेस डेक (खलाशांची राहायची-जेवायची जागा) आणि टर्रेट एवढं करा, ब्रिज सोडला तरी चालेल. टॉवर ब्रिज उघडायच्या वेळा त्यांच्या वेबसाईटवर आधीच दिलेल्या असतात, त्यातली एखादी तुमच्या वेळेत बसत असेल तर तेव्हा मागच्या डेकवर या. पूर्ण जहाजाचा फोटो मात्र जहाजावरून मिळत नाही, त्यासाठी समोरच्या उत्तर काठावर, टॉवर ऑफ लंडनच्या बाजूला जायचं, तिथून अख्खी १८७ मीटर एका फ्रेममध्ये बसते.

आणि त्याच ट्रिपमध्ये लॅम्बेथ रोडवरच्या इम्पिरियल वॉर म्युझियमलाही जाणार असाल, तर बेलफास्ट आधी करा. त्या इमारतीच्या दारातच १५ इंची दोन तोफा आहेत, रॅमिलीज आणि रेझोल्यूशन या बॅटलशिपवरच्या. ५१ किलोचा गोळा माणसं कशी हलवायची ते आधी बघितलेलं असलं की त्या नळ्यांसमोर उभं राहिल्यावर पहिला प्रश्न हाच पडतो की यांचे गोळे कसे उचलत असतील, त्याचं उत्तर त्यांच्या शेजारीच ठेवलेले गोळे बघून शोधायला सुरुवात करा.